बाद माल

सातपूरच्या कारखान्यात चौदा वर्षं
मी पट्ट्यावर बसले.
समोरून गोळ्या जातात, पांढऱ्या, गुलाबी,
कधी मोहोरासारख्या फिकट.
कड तुटलेली, डाग पडलेली, पोटात चीर गेलेली
हातमोजातल्या बोटाने बाजूला.
रेहाना म्हणायची, यमुनाचं बोट म्हणजे चिमणीची चोच,
दाणा कुठला, खडा कुठला,
बघायच्या आधी कळतं.

मग एका जानेवारीत
पारा सहावर, पांडवलेणीचा डोंगर धुक्यात गायब,
डबा भरला आणि झाकण लागेना.
वाटलं, थंडी आहे.
होळी झाली, उन्हं तापली, झाकण लागेना.
बांगड्या चढेनात, चढल्या तर उतरेनात.
ब्लाउजचे हुक नवरा लावायचा, मान वळवून,
जणू त्याच्याच हातून काही मोडलंय.

तेल झालं. सिन्नरच्या बाईंचा लेप झाला.
आंबट सोडलं, वांगं सोडलं,
सासूबाईंनी बटाटासुद्धा सोडायला लावला.
बोटांनी काही सोडलं नाही.

डॉक्टर कुलथ्यांनी चिठ्ठीच्या मागे गोल काढला.
ही पेशी. हे दार.
बाहेरून निरोप येतो,
आत एक शिपाई बसलाय, तो निरोप घेऊन पळतो,
काडी ओढतो, आग लावतो.
निरोप खोटा असला तरी पळतो,
त्याला पळायचाच पगार.
तुमच्या आतले तपासनीस, बाई, फार कडक झालेत.
चांगला माल बाद करतायत.

मी हसले. हसताना जबडा दुखला.
म्हणजे मी इकडे जे करत होते
तेच कुणी माझ्या सांध्यांत करत होतं,
रात्रपाळीला,
जेवणाची सुट्टी न घेता.

इंजेक्शनातलं औषध अंगाने मोठं, म्हणाले,
ते दाराबाहेरच निरोप अडवतं.
ही गोळी विरघळली की तिचा कण इतका लहान
की भिंतीतून आत जातो
आणि शिपायाच्या खिशात जाऊन बसतो.
शिपाई खिशात हात घालतो,
काडेपेटीची जागा भरलेली.

सोपं वाटलं. मग त्यांनी यादी दिली.
छातीचा फोटो. जुना क्षय कुठे दडलाय का.
कावीळ. रक्त, दर तीन महिन्यांनी.
नागिणीची लस.
कारण शिपाई एकच आहे,
खऱ्या आगीचा निरोपही तोच नेतो.

सासूबाईंनी गोळी तळहातावर घेतली.
एवढुशी? हिने काय व्हायचंय?
आई, एवढुशी आहे म्हणूनच.

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी,
झाकण लागलं.
टक्.
स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं,
मी उघडलं आणि परत लावलं.

आता रोज रात्री दिव्याखाली धरून बघते.
कड ठीक. डाग नाही. चीर नाही.
कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी पट्ट्यावर
एका बाईच्या बोटाने हिला जाऊ दिलंय.
तिची बोटं कशी असतील, हा विचार येतो,
मग पाणी पिऊन टाकते.

गेल्या आठवड्यात ताप आला, एकशे एक.
डॉक्टर फोनवर म्हणाले, थांबवा, ताप उतरेपर्यंत.
पाकीट फ्रीजवरच्या डब्यात परत ठेवलं.
अंधारात पडून ऐकत राहिले,
आत कुणी धावतंय का,
आणि धावत असेल तर
या वेळी बरोबर पत्त्यावर का.

ताप उतरला. अंगठा जड झाला होता.
सातच्या पाळीला गेले.
दुपारी डबा पुढे सरकवला,
रेहानाने न विचारता उघडला.
बटाट्याची भाजी होती.